डाळजच्या फाट्यावरचा मौनीबाबा

आवाज गेला तेव्हा देवही गेला, असं मला वाटलं होतं. माझ्या सांगण्यातलं निम्मं वजा करून ऐकायचं, अशी आमच्या कन्हेरीत जुनी वहिवाट आहे. तेव्हा पुढचं खुशाल वजा करत चला. फक्त हे पहिलं वाक्य आहे तसं राहू द्या.

गेला तो आवाज कसला होता, हे आधी सांगायला हवं. मी कन्हेरीत आईला हाक मारली की काटेवाडीतल्या आया ओ देत. आमच्या चर्चच्या मंडळीत मी प्रार्थनेला उभा राहिलो की पत्र्यावरची कबुतरं जी उडायची ती इंदापुरात जाऊन उतरायची. बारामतीच्या बाजारात आमची रस्त्यावरची सभा असली की भाजीवाल्या बायका आपलं ओरडणं थांबवून मलाच सांगत, "बाबा, जाता जाता आमच्या मेथीचं बी दोन शब्द बोल." एकदा तर एस.टी.च्या ड्रायव्हरने मी सुवार्ता सांगत असताना गाडी बंद केली आणि तो ऐकत बसला. गाडी आधीच बंद पडली होती असं काही लोक म्हणतात. असेल. पण तो ऐकत बसला, हे खरं.

नव्वदीच्या मधल्या वर्षांतली ही गोष्ट. बारामतीत एका भाड्याच्या घरात, मिशनरी व्हायला निघालेल्या आम्हा मोजक्या पोरांचा वर्ग चाले. सकाळी बायबलच्या वचनांचा अभ्यास, दुपारी सायकलवरून खेडी, संध्याकाळी प्रार्थना. वर्ग संपला की सातपुड्यातल्या पाड्यांवर सेवेला जायचं ठरलेलं होतं. त्या डोंगरांचं मी साधं चित्रही पाहिलं नव्हतं, पण मनात सगळं तयार होतं: मी एका खडकावर उभा, खाली दरी माणसांनी भरलेली आणि माझा प्रत्येक शब्द डोंगरावर आपटून दुप्पट होऊन परत येतोय. देवाने मला हा घसा त्यासाठीच दिला, याबद्दल मला शंका नव्हती. माझ्या माहितीप्रमाणे देवालाही नव्हती.

मग इंदापूरच्या सभेत वीज गेली, लाऊडस्पीकर मुका झाला आणि मी छाती काढून म्हणालो की आपल्याला त्याची गरज नाही. अर्धी सभा मी उघड्या घशाने मारून नेली. एका वाक्याच्या मध्यावर काहीतरी फाटल्यासारखं झालं आणि तोंडातून नुसती हवा आली. लोकांना वाटलं, प्रभावासाठी थांबलाय. ते वाट बघत राहिले. मीही वाट बघत राहिलो. शेवटी पाळकसाहेबांनी उठून आशीर्वाद देऊन सभा संपवली.

बारामतीच्या नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी आरसा घालून आत पाहिलं आणि आवाजाच्या पडद्यांवर गाठी आल्याचं सांगितलं. "अजिबात बोलायचं नाही. कुजबुजायचंही नाही. बोललात तर उरलेलाही जाईल." किती दिवस, असं मी बोटांनी विचारलं. "मी सांगेन तोवर," ते म्हणाले. बाहेर पाळकसाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. आमचे गुरू तेच. सातपुड्यात कुणाला धाडायचं हेही त्यांच्याच हातात. ते म्हणाले, "थांब बेटा. प्रभूची वाट पाहायला शिकणं हाही शिक्षणाचाच भाग आहे." खणखणीत आवाजाच्या माणसाने हे सांगणं फार सोपं असतं. पण मला तसं उलट बोलताही येत नव्हतं.

कन्हेरीला गेलो असतो तर गावाने विचारून विचारून जीव घेतला असता, म्हणून मी डाळजला आत्याकडे गेलो. पुणे-सोलापूर रस्त्यावर फाट्याला तिचं चहाचं दुकान होतं. विधवा बाई, जिभेला धार अशी की दुधात पाणी घालणारा गवळी तिच्या दुकानासमोरून सायकल हातात धरून नेई. डॉक्टरांचा नियम तिने डॉक्टरांपेक्षा कडक पाळला. "खोकायचं बी न्हाय," म्हणाली. गळ्याला ऊब हवी म्हणून तिने ट्रंकेतला जुना मफलर काढून मला गुंडाळला. दाढी करायची उमेद उरली नव्हती; ती वाढत गेली. दिवसभर मी दुकानाशेजारच्या लिंबाखाली सिमेंटच्या बाकावर बसून राही.

आता चित्र बघा. लिंबाचं झाड. खाली वाढलेल्या दाढीचा, खोल डोळ्यांचा, कुणाशी चकार शब्द न बोलणारा माणूस. आणि मफलरचा रंग, माझं नशीब, भगवा.

पहिली बाई पाया पडली तेव्हा मी दचकून पाय वर घेतले. तिने ते विरक्तीत जमा केलं. आठवडाभरात भिगवणपर्यंत बातमी गेली की डाळजच्या फाट्यावर एक मौनीबाबा आलाय, हिमालयातून चालत. आत्या घसा फोडून सांगायची, "आरं भाचा हाय माझा! घसा बसलाय त्याचा. चहा घ्यायचा तर घ्या, पाया पडायचं तर म्होरं देऊळ हाय."

"व्हय, व्हय," लोक म्हणत, "खरं बाबा आसंच लपून ऱ्हात्यात."

एका शेतकऱ्याने येऊन विचारलं, "बाबा, खिलार बैल इकू का?" नेमकी माझ्या नाकावर माशी बसली आणि मी मान झटकली. त्याने बैल विकला नाही. पुढे तो बैल कुठल्याशा शर्यतीत पहिला आला म्हणे आणि शेतकरी नारळ घेऊन हजर! आत्याने त्या नारळाची चटणी केली. मी पाटीवर खडूने मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं होतं: मी बाबा नाही, मी ख्रिस्ती आहे. पण येणाऱ्यांतल्या बहुतेकांना वाचता येत नव्हतं आणि ज्यांना येत होतं ते म्हणत, बाबा परीक्षा बघतोय.

हे आज हसून सांगतोय. तेव्हा आतून जळत होतो. ज्या तोंडाने प्रभूचं नाव सांगायचं होतं ते बंद आणि भलत्याच नावाने माझ्यापुढे उदबत्त्या लागतायत, ही कसली थट्टा? सकाळी मी प्रार्थनेला गुडघे टेकायचो. सुरुवातीला मनातल्या मनात लांबलचक प्रार्थना केल्या, मग छोट्या, मग नुसतं 'का' एवढंच. मग तेही बंद झालं. रविवारी भिगवणच्या छोट्या मंडळीत सगळे गायचे तेव्हा मी ओठ हलवायचो. ओठ हलवणं सोडलं त्या रविवारी माझ्याशिवाय ते कुणाच्या लक्षात आलं नाही. गुडघे मात्र सवयीने टेकत राहिलो, रिकाम्या घराचं दार रोज उघडून पुन्हा लावावं तसं.

त्या बाकावर बसून मी आजूबाजूची माणसं ऐकली. आमच्या या भागात सगळी भांडणं पाण्यापाशी येऊन थांबतात. कालव्याचं पाणी ठरल्या क्रमाने एकेका शेताला मिळतं. ज्याची वेळ आली ती त्याची पाळी. पाळी चुकली तर पुढची येईपर्यंत उभं पीक डोळ्यांदेखत करपतं. सख्खे भाऊ चहा पिता पिता एकमेकांच्या अंगावर जात, "तुझी पाळी तू झोपून घालीवली, आता माझ्या बांधावर कशाला रडतूस?" किडनी मागितली तर विचार करतील, पण आपली पाळी दुसऱ्याला देणारा माणूस त्या फाट्यावर मला कुणी दाखवला नाही.

आबा नावाचे एक म्हातारे मात्र पाया पडायला आले नव्हते. लाल पटका, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. पूर्वी मेंढरं राखायचे. आता कालव्याच्या अगदी शेपटाला, जिथे पाणी पोचता पोचता दमतं, तिथे थोडंसं रान होतं. दुपारी पुण्याहून येणाऱ्या गाडीच्या आधी ते यायचे आणि गाडी गेली की जायचे.

"बसू का बाबा?" पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं. मी पाटी पुढे केली. "ऱ्हाऊ द्या. अक्षराची आनि माझी वळख न्हाय." मग तंबाखू मळत म्हणाले, "तुमी येशूचं हायसा, म्हाईत हाय मला. तुमच्या आत्याच्या भितीवर क्रूस हाय की. बाबा नसला म्हून काय, बसाय काय हरकत हाय?"

रोज थोडं थोडं करून त्यांनी मला सांगितलं. "समदीकडं ऊस झाला, मेंढरं चारायची कुठं? थोरला म्हनला, इका. इकली. ह्याच फाट्यावर ट्रक लागला हुता. धाकट्याचा लई जीव मेंढरांवर. ट्रक सुटला तसा त्यो मागं पळाया लागला बगा. आमी हासलो. म्हनलं, दमंल, यील माघारी. त्याची आई सांजच्याला भाकरी झाकून बसली." त्यांनी काठीने मातीत रेघ ओढली. "ती वाट बघत बघत गेली. आता म्या बघतो."

गाडी आली की आबा उठत. दाराच्या दांडीला धरून उतरणाऱ्या एकेका माणसाच्या तोंडाकडे डोळे बारीक करून पाहत. नजर अधू झाली होती. कंडक्टर सवयीने म्हणे, "न्हाय आला, आबा." फाट्यावरच्या प्रत्येकाकडे त्यांच्यासाठी सल्ला होता. "आबा, त्यो ममईला लगीन करून बसला आसंल." "आबा, आता दिवस घाला आन् मोकळं व्हा." माझ्याकडे तर आख्खं प्रवचन होतं. हरवलेला मुलगा आणि वाट पाहणारा बाप! आम्हा प्रचारकांना याहून चांगला विषय दुसरा कुठला? ते घशात येऊन अडकायचं, वाफ कोंडलेल्या कुकरसारखं. बोलता आलं असतं तर मी दुसऱ्याच दिवशी ते आबांच्या डोक्यावर ओतलं असतं, आणि तिसऱ्या दिवशी आबा दुसऱ्या झाडाखाली बसले असते.

गाडी गेल्यावर ते परत येऊन टेकत. "आज न्हाय. उद्या बघू. न्हाय का?" मी मान हलवी. तेवढंच माझं बोलणं. ती मान मी खरी हलवत होतो का, हे मला माहीत नव्हतं. आशा नावाची वस्तू माझ्याजवळ उरली नव्हती. आबांना मी उसनी कुठून देणार होतो?

मग शमुवेल आला. वर्गातला माझा सोबती. हा बोलताना असा अडखळायचा की प्रार्थना सुरू करेपर्यंत बाकीच्यांचं आमेन होऊन जायचं. चहाचा कप हातात फिरवत तो म्हणाला, "प-परवा निघतोय आम्ही. सातपुडा. तुझ्या ज-जागी मला..." पुढचं त्याला बोलवेना. वाईट वाटत होतं बिचाऱ्याला. जाताना त्याने माझ्यासाठी तिथेच उभ्याने प्रार्थना केली. मी डोळे मिटले नाहीत.

तो गेला आणि मी उठून उजनीच्या पाण्याकडे चालू लागलो. धरणाचं पाणी तिथवर पसरलेलं आहे. त्याखाली जुनी शेतं, जुन्या वाटा बुडालेल्या. दुपारची वेळ, काठावर कुणी नव्हतं. मी ठरवलं होतं की आता ओरडायचं. देवाला जे काही सुनवायचं ते एकदाच, घसा फाडून, उरलेसुरले पडदे तोडून सुनवायचं आणि हा वाट पाहण्याचा खेळ संपवून टाकायचा. त्यानंतर काय, ते मी ठरवलं नव्हतं. पाण्याकडे मी ज्या नजरेने पाहत होतो, ती नजर आईला दाखवण्यासारखी नव्हती. इथे काही वजा करू नका.

छाती भरून श्वास घेतला आणि मागून काठीचा आवाज आला. आबा. धापा टाकत आले, माझ्या शेजारी चिखलातच बसले, आणि माझा दंड धरून त्यांनी मला खाली बसवलं. मला वाटलं, आता विचारतील. इतके दिवस मला बोलून बोलून दमवणाऱ्या त्या म्हाताऱ्याने नुसती अर्धी घोंगडी माझ्या खांद्यावर टाकली. तिला मेंढरांचा वास येत होता, एवढ्या वर्षांनीसुद्धा. छातीत भरलेली हवा ओरडण्यासाठी होती. ती रडण्यात गेली. बिनआवाजाचं रडणं मी पहिल्यांदाच रडलो. समोर बगळे उथळ पाण्यात एका पायावर उभे होते.

उन्हं कलली आणि मला एकदम आठवलं: गाडी! पुण्याची गाडी कधीच येऊन गेली असणार. मी आबांकडे पाहिलं, रस्त्याकडे बोट केलं.

"जाऊ दे," ते म्हणाले. "उद्या बी येतीया."

फाट्यावर परतलो तेव्हा आत्या दुकानाबाहेर उभी होती. कधी नव्हे ते हळू बोलली. "आबा, तुमी न्हवता म्हून मी हुबी ऱ्हायले गाडीला. समदी उतरली तवर बघितली. न्हाय आला." आबांनी मान हलवली, मला दिलेली घोंगडी परत घ्यायला विसरले आणि घरी गेले.

पुढे डॉक्टरांचं बोलावणं आलं. पाळकसाहेबही दवाखान्यात आले होते. आरसा आत गेला, बाहेर आला. "आ म्हणा." मी म्हणालो. गंजलेल्या रहाटाला कुणी तरी पहिला हिसडा द्यावा तसा काहीसा आवाज निघाला. डॉक्टर म्हणाले, "गाठी गेल्या. पण पूर्वीचा आवाज येणार नाही. चार माणसांत बोलाल. मैदान विसरा." पाळकसाहेबांनी बाहेर येऊन घसा साफ केला. सातपुड्याच्या तुकडीत आता जागा नाही, पुढे कधी होईल सांगता येत नाही. "थांब बेटा," पुन्हा तेच. मी हात जोडले आणि भिगवणला येऊन पुण्याहून येणारी गाडी धरली. खिडकीबाहेर उसाची रानं मागे पळत होती आणि मी मनाशी हिशेब करत होतो. आवाज मागितला, चिंधी मिळाली. सातपुडा मागितला, बाक मिळाला. एकच ठरवलं होतं: या चिंधीतला पहिला शब्द आबांसाठी ठेवायचा. दवाखान्यात मी 'आ'पलीकडे काही बोललो नव्हतो.

डाळजच्या फाट्यावर गाडी थांबली. दाराशी आबा उभे होतेच, दांडी धरून. माझ्या ध्यानात आलं नाही की मी त्याच गाडीतून उतरतोय. सकाळी बारामतीत दाढी काढली होती, मफलर आत्याकडे राहिला होता. त्यांच्या अधू डोळ्यांसमोर मी नुसता एक उतरणारा तरणा पोरगा होतो. आणि मी, मूर्ख, हर्षाने म्हणालो, "आबा."

माझा आवाज त्यांनी कधी ऐकलाच नव्हता.

त्यांच्या हातातली काठी पडली. तो चेहरा मी वर्णन करून सांगणार नाही. मला अतिशयोक्तीची सवय आहे, आणि त्या चेहऱ्यापुढे माझी अतिशयोक्तीही अपुरी पडेल. दोन्ही हातांनी त्यांनी माझं तोंड चाचपलं, कपाळ, गाल, हनुवटी. मग हात संथ झाले.

"मी हाय, आबा," मी खरखरत म्हणालो. "बाकावरचा."

गाडी निघून गेली. मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं होतं. एवढे दिवस ज्या आवाजासाठी देवाशी भांडलो, त्याच्या पहिल्याच शब्दाने या माणसाचा धाकटा दुसऱ्यांदा नेला होता.

आबा बाकावर बसले. पटक्याच्या शेवाने डोळे पुसले. आणि मग म्हणाले, "आला म्हनायचा आवाज." माझा हात त्यांनी सोडला नव्हता. "तुजं पीक जळाय लागलं हुतं, गड्या. त्या दिशी पान्यावर बघितलं म्या. घरी जाऊन बिरोबाला म्हनलो, देवा, माजी पाळी त्याला दे. धाकट्याचं नंतर बघू. आधी ह्या पोराला आवाज दे."

आत्या चहाचे कप घेऊन आली होती. तिने पहिला कप आबांपुढे केला.

आमचे पाळकसाहेब हे वाचतील तेव्हा इथे त्यांची भुवई वर जाईल. जाऊ द्या. माझ्यासाठी कुणी, कुणाच्या दारात, कुठल्या नावाने हात पसरले यावर मी पहारा ठेवत नाही, आणि माझा प्रभूही ठेवत नसावा. मला एवढंच कळलं की मी गुडघे टेकून रिकामं दार उघडत-लावत होतो तेव्हा शेपटाकडच्या रानातला एक म्हातारा माझ्यासाठी रांगेत मागे सरकून उभा राहिला होता. वाट पाहणं म्हणजे आपला नंबर कधी लागतो यावर डोळा ठेवणं, असं मी समजत होतो. आपला नंबर सोडूनही माणूस वाट पाहू शकतो, हे मला कुठल्या वर्गात शिकवलं नव्हतं.

मी सातपुड्यात गेलो, पण बऱ्याच उशिराने. खडकावर उभा वगैरे राहिलो नाही. पाड्यावर लोकांशेजारी बसतो, ते बोलतात ते ऐकतो, आणि विचारलं तर या खरखरत्या आवाजात चार शब्द सांगतो. पहिल्या वर्षी शमुवेलच माझं बोलणं मोठ्याने परत सांगायचा, अडखळत. दोघे मिळून आमचा एक प्रचारक व्हायचा.

निघायच्या आदल्या दुपारी मी आबांबरोबर गाडीला उभा राहिलो. सगळी माणसं उतरली. "आज न्हाय," ते म्हणाले. "उद्या बघू. न्हाय का?"

"व्हय, आबा," मी म्हणालो.

तेव्हापासून रोज सकाळी गुडघे टेकले की माझी पहिली विनंती ठरलेली असते. प्रभू, माझं जे काही असेल ते मागाहून दे. आधी आबांची पाळी त्यांना परत कर. अजून त्याने ऐकलेलं नाही. मी उठतो, कामाला लागतो, आणि उद्या पुन्हा मागतो.